एकही नोंद नाही

हरवलेल्या जनावरांच्या त्या निवाऱ्याला पुढच्या अंगाला एक खिडकी होती, आणि खिडकीमागे जी बसायची तिला सगळे खिडकीताई म्हणायचे. मागच्या अंगणात पिंजऱ्यांच्या रांगा, तिथे पिंजऱ्यांवरचे काका. मधल्या खोलीत तपासणीचं टेबल, तिथे डॉक्टरीणबाई. आणि पुढे ही. कुणाचं कुत्रं-मांजर हरवलं की माणूस खिडकीशी यायचा, रंग-रूप सांगायचा, मग खिडकीताई उठून मागे जायची आणि काकांना विचारायची. काका डोकं खाजवत एकेक पिंजरा आठवायचे. तोवर खिडकीशी उभं असलेलं माणूस रडकुंडीला आलेलं असायचं.

हे तिला बघवेना. म्हणून घरी बसून ती प्रोग्राम लिहायला शिकली. सगळ्या नोंदी एका डेटाबेसमध्ये, आणि डेटाबेस म्हणजे साधी एक फाईल. त्यासाठी वेगळा सर्व्हर नको, पासवर्ड नको, कुणाच्या हातापाया पडणं नको. प्रोग्रामनं फाईल उघडायची, तिला प्रश्न विचारायचा, ती देईल त्या ओळी पडद्यावर मांडायच्या आणि फाईल मिटायची. असे दोन छोटे प्रोग्राम तिनं केले. एकातून डॉक्टरीणबाई सकाळीच, खिडकी उघडायच्या आधी, नव्या जनावरांच्या नोंदी भरायच्या. दुसरा शोधण्याचा, तो खास हिचा.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. डॉक्टरीणबाई आणि काका मागे उभे, हिनं ऐटीत शोध दाबला, तर पडद्यावर लाल अक्षरांचा चिखल. म्हणे नोंदी ज्यात बसतात तो तक्ताच फाईलमध्ये नाही. तक्ता करायचं ती विसरली होती, एवढंच. पण काका म्हणाले, "आमचं डोकं बरं की. निदान पिंजरा आहे का नाही, एवढं तरी सांगतं." त्यावर डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. ते हसणं हिच्या फार जिव्हारी लागलं. घरी जाऊन तिनं दोन्ही प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ घातली: तक्ता नसेल तर नवा बनव. झालं. लाल अक्षरं पुन्हा दिसली नाहीत. तक्रार करणारं तोंडच तिनं शिवून टाकलं होतं, आणि वर त्याचं कौतुक वाटून घेत होती.

कौतुक वाटावं असं घडतही होतं. एका बाईंचं मांजर वर्णन सांगून संपायच्या आत पडद्यावर आलं, तेव्हा त्या बाईंनी खिडकीच्या गजातून हात घालून हिचा हात धरला. काका कुरकुरत म्हणाले की यंत्रानं आता त्यांची भाकरी पळवली. मग कुत्र्यांमध्ये साथ आली आणि डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं: बाहेरच्यानं मागे जायचं नाही, खिडकीताईनंही नाही, चपलांतून रोग जातो. आता सगळी भिस्त शोधण्याच्या प्रोग्रामवर आली. माणसं समोर ताटकळत असताना फोल्डरमधलं फोल्डर उघडत बसणं तिला नको वाटे, म्हणून एका दुपारी तिनं तो प्रोग्राम उचलून डेस्कटॉपवर, अगदी नजरेसमोर आणून ठेवला. एका टिचकीचं काम. यात काही चुकेल असं कुणाच्याही मनात आलं नसतं, तिच्या तर नाहीच नाही.

त्यानंतर घड्याळवाले आजोबा आले. कोपऱ्यावरच्या गल्लीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते त्यांनी केव्हाच बंद केलं होतं, पण नाव चिकटून राहिलं होतं. बायको गेलेली, मुलगी लांबच्या गावी, घरात ते आणि एक कुत्रा. कुत्रा गेटमधून निसटला होता.

"रंग?" खिडकीताईनं विचारलं.

"तपकिरी. डाव्या कानाला खाच आहे. नाव जावई."

"काय?"

"जावई हो. बसून खातो, काम काही करत नाही, आणि मानपान कमी पडला की रुसतो. मग दुसरं काय नाव ठेवणार?"

ती हसली, हसत हसतच तिनं रंग आणि खूण टाकली. पडद्यावर आलं: एकही नोंद नाही. "इथे नाही आला आजोबा," ती म्हणाली. "येईल. घरी वाट बघा."

ते पुन्हा आले. या खेपेला ती टाइप करत असतानाच मागच्या अंगणातून भुंकणं ऐकू आलं आणि आजोबा एकदम गजांना धरून उभे राहिले. "ताई, हा त्याचा आवाज."

तिनं पुन्हा शोध दाबला. तेच उत्तर. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुम्हीच वाचा. भुंकणं काय, सगळ्यांचं सारखंच वाटतं. माणसाच्या कानाची चूक होते, याची होत नाही."

आजोबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. "बरोबर आहे. चुकलं माझं. तुम्हाला उगीच त्रास," असं म्हणून ते निघून गेले.

मग ते आणखी एकदाच आले, आणि या वेळी शोधायला आले नव्हते. "मुलगी मागे लागलीये, तिच्याकडे राहायला चला म्हणून," ते म्हणाले. "मी अडून बसलोय. घर बंद केलं आणि हा दारात येऊन उभा राहिला तर? पण तुमच्याकडे नाही, म्हणजे आता कुठेच नसणार. तुम्ही नक्की सांगा, म्हणजे मी आपला वाट बघणं सोडतो."

तिनं पुन्हा एकदा टिचकी मारली, त्यांच्या समाधानासाठी. "नक्की नाही आजोबा." त्यांनी मान हलवली आणि खिडकीच्या फळीवर ठेवलेली टोपी उचलली.

साथ ओसरली. एक दिवस डॉक्टरीणबाई दुपारच्या जेवणाआधी खिडकीशी आल्या. त्यांना आज किती पिंजरे भरलेत ते बघायचं होतं, म्हणून हिच्याच खुर्चीत बसून त्यांनी डेस्कटॉपवरच्या प्रोग्रामवर टिचकी मारली, आणि मग मागे रेलून हसायलाच लागल्या. "अगं, तुझं यंत्र म्हणतं आपल्याकडे एकही जनावर नाही. मग मागे कोकलतंय कोण?"

खिडकीताईही हसली. निम्मं हसू झालं आणि ती पडद्याकडे वाकली.

डॉक्टरीणबाई जेवायला गेल्यावर तिनं डेस्कटॉप नीट निरखला. कोपऱ्यात नोंदींच्या नावाची फाईल होती. ती तिनं तिथे कधी ठेवली नव्हती. फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी, तीच खरी, नोंदींनी जड झालेली. डेस्कटॉपवरची पोकळ. तेव्हा तिला सगळं उमगलं. प्रोग्रामला तिनं फाईलचं नुसतं नाव सांगितलं होतं, पत्ता नव्हता सांगितला. प्रोग्राम डेस्कटॉपवर आल्यावर त्यानं त्या नावाची फाईल डेस्कटॉपवरच शोधली. आणि असा डेटाबेस 'उघड' म्हटलं आणि फाईल नसली, तर 'नाही' म्हणत नाही. तो गुपचूप नवी कोरी फाईल करतो आणि तीच उघडून देतो. तरीही पुढे तक्ता नाही म्हणून ओरड झाली असती, लाल अक्षरं आली असती, तिला कळलं असतं. पण ती ओरड तिनंच बंद केली होती. कोऱ्या फाईलमध्ये कोरा तक्ता बनत गेला, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला अगदी शांतपणे, खात्रीनं, एकही नोंद नाही असं उत्तर मिळत गेलं.

त्या काळात आणखी दोघं खिडकीशी आली होती. एकाचं मांजर शेजारणीच्या कपाटात सापडलं होतं, दुसरीचा ससा स्वतःच्याच बागेत. उरले घड्याळवाले आजोबा. तिनं खरी फाईल उघडली आणि तोच प्रश्न विचारला: तपकिरी, नर, डाव्या कानाला खाच. उत्तर यायला क्षणही लागला नाही. एक ओळ. आजोबा पहिल्यांदा आले त्याच्या आदल्या दिवशीच तो मागच्या अंगणात दाखल झालेला. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: दिला.

ती तशीच मधल्या खोलीत गेली आणि डबा खात बसलेल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. "मुदत संपली, मालक आला नाही, म्हणून दिला. मला काय ठाऊक? कुणी विचारायला आलं असतं तर तुझ्या प्रोग्रामनं सांगितलंच असतं, असं मी धरून चालले." मग म्हणाल्या, "एका नर्सबाईंनी नेलाय. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिला सोबत म्हणून. कुत्रा सुखात आहे. तू प्रोग्राम दुरुस्त कर आणि तोंड बंद ठेव. निवाऱ्याचं नाव जाईल."

दुरुस्ती किती होती? नावाच्या जागी पूर्ण पत्ता लिहायचा, आणि ती तोंड शिवणारी ओळ खोडायची. चहा निवायच्या आत झालं. इतक्या चिमूटभर कामानं तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक मोठी असती, कठीण असती, तर निदान तिच्याआड लपता तरी आलं असतं.

आजोबांचा फोन नंबर तिच्याकडे होता. तिनं तो लावला नाही. डॉक्टरीणबाईंनी गप्प राहायला सांगितलं होतं, हे एक कारण तिनं स्वतःला दिलं. आजोबांनी मनाची समजूत घातली असेल, ती कशाला मोडा, हे दुसरं. खरं कारण एवढंच होतं की पडदा वळवून 'तुम्हीच वाचा' म्हणाली होती ती, आणि आता त्याच माणसाला तोंड दाखवायची तिची छाती होत नव्हती.

घरी आईनं ताट वाढता वाढता विचारलं, "तोंड का पाडलंयस?"

"कामात चूक झाली."

"पगार कापणार?"

"नाही."

"नोकरीवर येतंय?"

"नाही गं. कुणाला कळणारही नाही."

आई समोर बसली. "मग सांगून टाक ज्याचं त्याला. जेवत नाहीयेस ते दिसतंय मला. आज सांगणार होतीस आणि सांगितलं नाहीस, असं काहीतरी आहे ना?"

"उद्या सांगते," खिडकीताई म्हणाली. उद्या आला तेव्हा खिडकीशी गर्दी होती, आणि गर्दीबद्दल तिला बरंच वाटलं. हे तिचं तिलाच कळलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खिडकीवर फळी लावली आणि सरळ गल्लीतलं घर गाठलं.

दारासमोर टॅक्सी उभी होती. घराची दारं-खिडक्या उघडी, आत भिंतींवर घड्याळं काढल्याचे फिकट गोल डाग. आजोबांची मुलगी पेट्या मोजत होती. आजोबा एकुलत्या एका खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. "अरे, खिडकीच्या ताई," ते म्हणाले. "या. बसायला मात्र काही उरलं नाही."

तिनं उभ्यानंच सांगितलं. सोपं करून सांगितलं आणि काही गाळलं नाही: दोन फाईली, कोरी फाईल, तिनं बंद केलेली ओरड, कुत्रा तिथेच, मागेच, होता हे, आणि आता एका नर्सबाईंकडे आहे हेही. त्या दिवशी भुंकला तो तोच असणार, हेही. बोलता बोलता तिला रडू यायला लागलं, ते तिनं दाबलं, कारण रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं.

मुलीच्या हातातली पेटी तशीच राहिली. आजोबांनी टोपीची कड फिरवली.

"कळलं कधी तुम्हाला?"

हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. "परवा," ती म्हणाली.

"परवा." त्यांनी खाली पाहिलं. "काल संध्याकाळी घराची किल्ली दिली मी. नवे लोक दुपारी सामान घेऊन येतायत."

पहिली चूक यंत्राच्या नावावर खपली असती, निदान थोडीफार. ही दुसरी निव्वळ तिची होती. फोन लावला असता तर हे घर आजही त्यांचं असतं. भिंतीवर घड्याळं असती, आणि कुत्र्याला यायला दार असतं. ती "मला माफ करा" म्हणाली.

"ते मागाहून बघू," आजोबा उठत म्हणाले. "आधी कुत्रा दाखवा."

टॅक्सीत ती पुढे बसली, बापलेक मागे. मुलगी दोनदा म्हणाली, "बाबा, गाडी चुकेल."

नर्सबाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या, अंगावर अजून गणवेश होता. त्यांनी दार उघडलं आणि खिडकीताई काही सांगायच्या आत आतल्या खोलीतून धडपडल्याचा आवाज आला. खुर्ची कलंडली. तपकिरी काहीतरी त्यांच्या पायांमधून सुटून आजोबांच्या छातीवर आदळलं. आजोबा दाराच्या चौकटीला टेकले नसते तर पडलेच असते. कुत्रा कण्हत होता, चाटत होता, मध्येच लांब पळून परत येत होता. आजोबा नुसते "हो रे, हो रे" म्हणत त्याच्या खाचेच्या कानावरून हात फिरवत राहिले.

आतल्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर नर्सबाईंच्या सासूबाई होत्या. त्यांचा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता. इतके दिवस त्या हाताखाली कुणाची मान होती ते सांगावं लागत नव्हतं.

सगळं ऐकून घेतल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "घेऊन जा आजोबा. तुमचाच आहे तो." एवढं म्हणताना त्यांनी आत पाहिलं. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

आजोबा पलंगापाशी गेले आणि जवळच्या स्टुलावर बसले. कुत्रा दोघांच्या मध्ये उभा राहिला, एकदा इकडे, एकदा तिकडे. "काय म्हणता याला?" त्यांनी विचारलं.

"गुंड्या," सासूबाई भिंतीलाच म्हणाल्या.

"चांगलं आहे. मी जावई म्हणायचो. पण आता नेऊ कुठे? मुलीच्या घरी खरा जावई आहे, आणि त्याला कुत्र्याच्या केसांनी धाप लागते. एका घरात दोन जावई कसे नांदायचे?"

"बाबा, करू आपण काहीतरी," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय करशील? नवऱ्याला गॅलरीत बांधशील?"

कुणी हसलं नाही. खिडकीताईला वाटलं, त्यांनी आपल्याला शिव्या घालाव्यात, चारचौघांत घालाव्यात, मोठ्यानं घालाव्यात. पण त्यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते सासूबाईंना सांगत होते की त्याला फुग्याची भीती वाटते, नखं कापताना पाठीवर थोपटत राहावं लागतं, आणि आजारी पडला की हा पाणी पीत नाही, तेव्हा बोट बुडवून चाटवायचं. सासूबाईंनी तोंड इकडे वळवलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, एकदा त्यांनी "कोमट चालेल?" असंही विचारलं.

टॅक्सीवाल्यानं बाहेरून हॉर्न वाजवला. आजोबा उठले तसा कुत्राही निघाला, शेपूट हलवत, त्यांच्याही पुढे. त्याच्या हिशेबी आता घरी जायचं होतं. दारापाशी आजोबांनी त्याला "बस" म्हटलं. तो बसला. ते पायरी उतरले आणि तो उठून मागे आला. पुन्हा "बस", पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आजोबांच्या तोंडून शब्द फुटेना.

नर्सबाई पुढे झाल्या. पण खिडकीताई आधी पोचली. "मी धरते," ती म्हणाली, आणि खाली गुडघ्यांवर बसून तिनं कुत्र्याचा गळपट्टा धरला. इतके दिवस ज्याच्याविषयी ती खात्रीनं बोलत होती, त्याला तिनं आजच पहिल्यांदा हात लावला होता. तो उबदार होता, आणि त्याच्या अंगात केवढी तरी ताकद होती.

आजोबा फाटकापाशी थांबले आणि मागे वळले. "घट्ट धरा ताई," ते म्हणाले. "सुटला तर मागे पळत येईल, आणि रस्ता चुकेल."

तिनं दोन्ही हातांनी पट्टा धरला. कुत्र्यानं सगळा जीव एकवटून पुढे ओढ घेतली, त्याची नखं फरशीवर घसरली, गळा आवळून तो खोकायला लागला. तिला वाटत होतं सोडून द्यावं, जाऊ द्यावं त्याला. टॅक्सीचं दार लागलं. तिनं सोडलं नाही.